बावीस कोळंब्या

दाराच्या कडीला काळी पिशवी.
आत बर्फ नाही, म्हणजे आजचीच.
जिन्याच्या पायऱ्यांवर खाऱ्या पाण्याचे थेंब
सुकत आलेले,
बेल कुणी वाजवली नाही म्हणे.
वॉचमनला विचारायची गरज नव्हती.
गाठ बघितली.
अशी दुहेरी गाठ
पाग विणणारे हातच मारतात.

सव्वाआठ. ऐरोलीहून आत्ता येतेय,
पायातली चप्पलही काढली नाही.
नारळ नाही. आगळ संपलंय.
वाटण घाटण करायला अंगात जीव नाही.
रुंजी म्हणते, नूडल्सचं पाकीट आहे की,
ते एकावर एक फुकट मिळालेलं.
बरं. तेच.

ओट्यावर जुना पेपर पसरते.
डोकं मोडायचं, कवच सोलायचं,
पाठीवर सुरीची बारीक चीर,
मग टाचणीच्या टोकाने तो काळा दोरा
उचलायचा,
ओढायचा हळूहळू.
तुटला की अर्धा आतच राहतो,
आणि खाताना कचकचतो.

रुंजी मोजते. वीस, एकवीस, बावीस.
मामाने मोजून दिल्या का गं?

तुझा मामा मोजत नाही कधी.
मोजणी झाली ती वेगळी,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची,
घणसोलीत, वकिलाच्या एसीत,
चौरस मीटर आणि दशांश चिन्हं.
मी म्हटलं, माझा वाटा लिहा.
एवढंच म्हटलं.
हसुदादा खुर्ची मागे सारून उठला
आणि तीन गणपती झाले,
आरतीला तो एका भिंतीशी, मी दुसऱ्या.

पाणी उकळलं. नूडल्स सोडल्या,
वर थेंबभर तेल, चिकटू नयेत म्हणून.
कढई तापतेय.
आठ पाकळ्या लसूण, कांदा उभा,
अर्धी ढोबळी मिरची, कोबीचं जे उरलंय ते,
ड्रॉवरच्या कोपऱ्यात साठलेल्या
सॉसच्या पुड्या, दाताने फाडून.
आणि आईच्या बरणीतला मसाला एक चमचा,
पाकिटावर लिहिलेला नसला तरी.

आता कोळंबी.
पहिल्यांदा काचेसारखी करडी,
मग कडेने गुलाबी धावत येते.
दोन मिनिटं. अडीच नाही.
वाकली की उतरव,
वेटोळं घालून आवळली की रबर,
मग कितीही चाव.
हे मला हसुदादाने शिकवलं,
मी नऊ वर्षांची, तो चौदाचा,
मिठागराच्या बांधावर तीन विटा मांडून
डालड्याच्या डब्याच्या पत्र्यावर.
उतरव गो, उतरव, म्हणून ओरडायचा
आणि मी नेहमी उशीर करायचे.
तिथे आता पंपिंग स्टेशन आहे.

गॅस बंद केला. वेळेत.

रुंजीने ताटलीचा फोटो काढला,
मला न विचारता
मामाला पाठवला.
दोन खुणा. मग निळ्या.
मी काटा-चमचा शोधायच्या निमित्ताने
भांड्यांचा रॅक दोनदा आवरला.

चार सेकंदांचा आवाज आला.
मागे होडीचं इंजिन, वारा,
आणि पुढे तो:
“येरी झाली का गो तू?
कोलबीन कुनी नूडल टाकतान?”

रुंजी हसली, खुर्चीवरून पडेपर्यंत.
मी म्हटलं, परत लाव.
परत लाव.

मग आम्ही खाल्लं. ती अकरा, मी पाच.
मसाला जरा जास्तच झाला होता,
नाक पुसायला बरं निमित्त.

सहा कोळंब्या, मूठभर नूडल्स
स्टीलच्या डब्यात काढल्यात.
काळी पिशवी धुऊन नळावर वाळत घातलीय,
तिची गाठ मी सोडवली होती, कापली नव्हती.
तलवलीपर्यंत रिक्षावाला आता
हाफ रिटर्न मागेल, मागू दे.
झाकण लावलेलं नाही अजून.
आधी वाफ जाऊ दे.